कापसानं खाल्लं

१९९० साली गैबी पिंजाऱ्याला खोकला लागला आणि दिवाळी उलटली तरी सुटेना. गडमुडशिंगीत कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. पिंजाऱ्याच्या छातीत कापूस जायचाच. त्याचा बाप लालासाबही जन्मभर खोकतच आलेला. पण तीन महिन्यांत गैबीचं पार चिपाड झालं. तोंडात पांढरा थर धरला, भाकरीचा तुकडा गिळवेना. बायकोनं, शमशादनं, त्याला कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात ठेवलं. क्षय निघाला. सुया झाल्या, गोळ्या झाल्या. ताप हटेना, धाप वाढतच गेली.

मग डॉक्टरांनी रक्त पुण्याला पाठवलं. उत्तर आलं तशी त्यांनी शमशादला बाजूला घेतलं.

"यांना कधी बाहेरचं रक्त चढवलं होतं?"

"व्हय. दोन वर्सांमागं मुंबईत पोटाचं आप्रेशन झालं, तवा. दोन बाटल्या."

"त्यातूनच आला असावा. एड्स म्हणतात. अंगातली ताकदच संपवतो. मग छातीतला क्षय आवरत नाही."

"मग औषध लिवून द्या की! कुठनंबी आणीन मी."

"त्यावर इथं औषध नाही, ताई." डॉक्टर तिच्याकडं बघेनात. "तुमचंही रक्त तपासायला हवं."

"औषध न्हाय, तर तपासून काय करू?"

डॉक्टर पुढच्या रोग्याकडं वळले.

दुसऱ्या दिवशी गैबीची खाट व्हरांड्याच्या टोकाला गेली. जेवणाचं ताट लांबूनच सरकवलं जाऊ लागलं.

लालासाब आला, लेकाच्या पायथ्याशी बसला आणि रडायला लागला. "धा वर्साचा हुता. साळंतनं काढून मीच कापूस पिंजायची धनुकली दिली हातात. कापसानं खाल्लं माझं पोर. मीच मारलं त्याला."

शमशादनं तोंड उघडलं. खरं सांगितलं, तर म्हाताऱ्याच्या जिवावरचं ओझं उतरलं असतं. पण गावाला कळलं, तर जनाज्याला खांदा कोण देणार? ती गप्प बसली. म्हाताऱ्यानं घरी जाऊन बापजाद्यांची धनुकली कुऱ्हाडीनं फोडली.

शुक्रवारी दुपारी गैबी श्वासासाठी तडफडत उठून बसला. शमशाद त्याची पाठ चोळत राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. ऊन कलायच्या आत तो गेला.

जनाज्याला सगळं गाव लोटलं. शेजारची बायडाबाई घरात शमशादला जवळ घेऊन म्हणाली, "कापूस लई वाईट गं बाई."

"व्हय," शमशाद म्हणाली. कोपऱ्यात लालासाब ते ऐकत बसला होता.