एउसेबियाचं उखळ

"हळू कूट गं, अख्ख्या किनाऱ्याला कळलं निकासियो आला ते," शेजारची तेओफिला कुंपणावरून म्हणाली.

एउसेबिया हसली नाही. होंडुरासच्या किनाऱ्यावर, गरिफुना लोकांच्या त्या वस्तीत नवरा बोटीवरून परतला की बायको उकडलेली केळी उखळात कुटते, आणि तो आवाज ऐकून आया-बाया चिडवतात. आज तिचं लक्ष केळ्यांत नव्हतं, खिशातल्या कंडोमच्या पाकिटात होतं.

"विचारणारेस ना त्याला?"

"विचारीन. जीभ उचलली तर."

आरोग्य केंद्रात ती बायकांना कच्च्या केळ्यावर कंडोम चढवून दाखवायची, हसवून हसवून शिकवायची. घरी मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कंडोम वापर म्हणायचं म्हणजे नवऱ्याला तोंडावर खोटं पाडायचं, असं तिला वाटे. माझा माणूस तसा नाही, हे रोज घोकलं की खरंही वाटू लागे. पण गेल्या महिन्यात सान्तोसच्या बायकोला एचआयव्ही निघाला. सान्तोस आणि निकासियो एकाच बोटीवर शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, काढायला बुडी मारत, बंदरात एकाच घरी मुक्काम करत. एउसेबियाची तपासणी स्वच्छ आली होती. ती तशीच राहावी, एवढंच तिला हवं होतं.

निकासियो आंघोळ करून जेवायला बसला. "वास काय सुटलाय! नारळाचं दूध घट्ट घातलंयस वाटतं. गप्प का गं?"

तिने पाकीट ताटाशेजारी ठेवलं. "आजपासून हे. आणि उद्या माझ्याबरोबर तपासणीला चल."

त्याचा घास हातातच राहिला. "विश्वास उडाला माझ्यावरचा?"

"विश्वास होता म्हणूनच इतकी वर्षं गप्प बसले."

"का मी नसताना तूच कुणी बघितलायस?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते तिने कितीतरी बायकांकडून घोटून घेतलं होतं. आता ते तिला स्वतःला द्यायचं होतं.

"नाही. मला भीती वाटते, निकासियो. सान्तोसबरोबर बंदरात तू कुठे राहतोस, ते सांग."

त्याने ताट ढकललं. खुंटीवरची झोळी खांद्यावर टाकली आणि भर दुपारी तो घराबाहेर पडला.

कालवण निवत गेलं. थोड्या वेळाने पलीकडून, सासूच्या अंगणातून, लेकासाठी केळी कुटणाऱ्या उखळाचा आवाज येऊ लागला. सगळ्या वस्तीला तो ऐकू गेला असणार.

तेओफिला कुंपणाशी आली, पण या खेपेला न चिडवता परत फिरली. एउसेबियाने पाकिटावर उडालेलं कालवण झग्याच्या टोकाने पुसलं, पाकीट खिशात ठेवलं, आणि आपल्यापुरतं वाढून घेतलं.