बांधापलीकडून आलेली माशी

बांधालगतच्या सोयाबीननं ऐन फुलोऱ्यात माना टाकल्या, तेव्हा थोरलीला आधी पाण्याचीच शंका आली. पण माती ओली होती. तिनं एक झाड उपटायला हात घातला, तर ते बुंध्यापाशी काडीसारखं मोडून हातात आलं. साल काळी पडलेली, आणि सालीखाली नारिंगी अळ्या दाटीवाटीनं वळवळत होत्या. खोडमाशी तिच्या ओळखीची होती. ही ती नव्हे.

नवरा ट्रक घेऊन महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, त्यामुळे शेत तीच बघायची. मोडलेली झाडं पिशवीत घालून तिनं सरळ शेतकी कार्यालय गाठलं.

तिथली कीटकांची बाई भिंगातून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही आपल्याकडे नवीन आहे. खरं सांगायचं तर आम्हालाच अजून पुरती कळलेली नाही. फवारा सालीखाली पोचत नाही."

"मग काय, हातावर हात ठेवून बसू?"

"नाही. बुंध्यांना मातीची भर लावून बघा. माशी खोडाच्या तळाशी अंडी घालते, तो झाकला की तिची अडचण होईल. आणि मागच्या वर्षी जिथं सोयाबीन होतं, तिथल्या मातीतून ती उठते असं दिसतंय. तुमच्या शेजारी होतं का?"

होतं. बांधापलीकडे, धाकट्या जावेच्या शेतात. यंदा तिथं मका होता आणि धाकटीचं सोयाबीन मक्याच्या पलीकडे गेलं होतं.

"मग त्यांनाही सांगा," बाई म्हणाली. सांगणं किती सोपं आहे अशा सुरात.

जावा-जावा आणि उभा दावा म्हणतात. या दोघींचा दावा आता उभा राहिला नव्हता, नुसता पडून होता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून शब्दाला शब्द वाढला. सासूबाई गेल्या, शब्द मागे राहिले. दोघे भाऊ भेटले की हवापाण्याचं बोलत. जावा तेवढंही बोलत नसत.

तिच्या सोयाबीनचं काय व्हायचं ते होवो, असा विचार परतताना थोरलीच्या मनात आला. आला तसा तो गेला नाही. भाजी चिरून झाली, जेवण झालं, भांडी घासून झाली, तरी तो तिथंच होता. सकाळी मात्र तिनं एक मोडकं खोड उचललं आणि बांध ओलांडला.

धाकटी मागच्या दारी फवारणीचा पंप धूत होती. थोरलीनं खोड पायरीवर ठेवलं. "हे बघ."

धाकटीनं हातही लावला नाही. "आत नारिंगी अळ्या आहेत ना?"

"तुला कसं ठाऊक?"

"मागच्या वर्षी माझ्या कडेला होत्या. बांधाजवळची सगळी झाडं गेली."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

धाकटीनं पंप उलटा करून पाणी ओतून दिलं. "निघाले होते, ताई. बांधापर्यंत आलेही. तुम्ही पाठमोऱ्या होतात. हाक मारून पहिलं वाक्य काय बोलायचं, तेच सुचेना. मग म्हटलं, किडाच तो, मरेल आपोआप."

थोरलीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. चांगलं धार लावलेलं, सासूबाईंच्या वेळेपासून जपलेलं. पण कालची रात्र तिची तिला आठवली.

"मीही येणार नव्हते," ती म्हणाली. "फावडं आहे का तुझ्याकडे जास्तीचं?"

भर लावायला दोघी थोरलीच्या शेतातून सुरुवात करून धाकटीच्या सोयाबीनकडे सरकत गेल्या. पाठी भरून आल्या. बोलणं बेताचंच झालं. मक्याच्या सावलीत पाणी पिताना धाकटी मध्येच म्हणाली, "तुम्ही आईंजवळ जागायचात, ते मला माहीत होतं. तरी तसं बोलले."

"मी काय कमी बोलले होते?" थोरली म्हणाली आणि तांब्या तिच्याकडे सरकवला.

पीक पूर्ण वाचलं नाही. कडेची झाडं वाळून कोळ झाली, आतलं बरंचसं उभं राहिलं. भर लावल्यामुळे की माशीच तिथवर पोचली नाही म्हणून, ते कीटकांची बाईही छातीठोक सांगेना. पुढच्या पेरणीला मागच्या सोयाबीनशेजारी सोयाबीन नको, एवढं मात्र तिनं बजावलं.

म्हणून कापणीनंतर दोघी धाकटीच्या स्वयंपाकघरात बसल्या. कुठल्या तुकड्यात काय पेरायचं यावरून चांगलंच वाजलं. "मका नेहमी मीच का लावायचा?" असं धाकटीनं विचारलं, तेव्हा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. दोन्ही नवरे चहाच्या कपात बघत बसले. मध्ये पडण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. शेवटी एकमत झालं.

"ओढ्याकडच्या शेजाऱ्याला कोण सांगणार?" थोरलीनं विचारलं. "त्याच्याकडे अजून कुणाला पत्ता नसेल."

"तो तर आपल्याला दारातही उभं करत नाही."

"नाही केलं तर कुंपणावरून ओरडून सांगू. चल."

धाकटीनं गॅस बंद केला आणि चपला शोधायला लागली.