जड पाण्याची साय

चिठ्ठी जेमतेम दोन बोटांची — सामानाला बांधतात तसली, तपकिरी पुठ्ठ्याची — सिंकखाली पार मागे, नळीवरच्या एका पितळी चावीच्या गळ्यात सुतळीने अडकवलेली, आणि तिच्यावर सिरिलच्या ठोकळेबाज अक्षरात एकच शब्द: हेस्टर. खाली दोन रेघा. एक रेघ म्हणजे निरोप, दोन रेघा म्हणजे कानउघाडणी. छत्तीस वर्षांच्या संसारात ही लिपी तिला पाठ झाली होती. हातात मिठाची वीट धरून हेस्टर गुडघ्यांवर तशीच राहिली. चिठ्ठी उलटून पाहायला हात लांबवला... आणि मागे घेतला. सिरिलला जाऊन दहा महिने झाले, तरी रागवायचा माणूस रागवायचं सोडत नाही.

कशाबद्दल, ते तिला पक्कं ठाऊक होतं. वीट तिने पाणी मऊ करणाऱ्या यंत्रात टाकली. हेच ते यंत्र. हिचिन गावचं पाणी खडूच्या टेकड्यांतून येतं, किटलीत खवले धरतं, चहावर तवंग आणतं. सिरिल त्याला साय म्हणायचा आणि मिटक्या मारत प्यायचा. गावातले घरं तापवणारे निम्मे बॉयलर त्याने बसवलेले. एका म्हातारीची किटली फुटली तर आत चुन्याची अख्खी दुसरी किटली निघाली, आणि तिच्यात बाईने पुढे तीन वर्षं चहा केला, असं तो पबमध्ये शपथेवर सांगायचा. आणि ऐकणाऱ्यांत कोणी हसलं, तर त्या किटलीला चोचसुद्धा होती म्हणायचा. पण घरात मिठाचं यंत्र? ‘माझ्या तिरडीनंतर आण,’ म्हणायचा. मार्चमध्ये तो गेला आणि सप्टेंबरात मी यंत्र आणलं... पहिल्याच आंघोळीला केस रेशमासारखे झाले, आणि त्या सुखानेच मला रडू फुटलं.

मग ऑक्टोबरात बॉयलरचा दाब उतरला. सिरिलने बसवलेला शेवटचा बॉयलर — थरथरत्या हातांनी, दर दोन स्क्रूंनंतर स्टुलावर टेकत. त्याने शिकवलं होतं तसं तिने बॉयलरखालच्या चंदेरी नळीची चावी फिरवली, दाबाचा काटा दीडवर आला, बंद केली. असं तीनदा. आणि गेल्या आठवड्यात पोस्टाच्या रांगेत कोणीसं सांगत होतं की मऊ पाणी नळाला, आंघोळीला उत्तम. पण तेच रेडिएटरांत कोंडून तापवत राहिलं की काही बॉयलरांचं ॲल्युमिनियमचं काळीज हळूहळू खातं. चुन्याने चोंदलं तर दिसतं तरी... हे कुरतडणं दिसतही नाही. त्याची शेवटची वस्तू, आणि मी तिला तीनदा, मायेने, विष पाजलं.

दहाला बेझिल क्वार्टी आला — बावीस वर्षं सिरिलचा भागीदार असलेला — बॉयलरची वर्षाची तपासणी करायला. काही बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. त्याने रेडिएटरमधलं पाणी काचेच्या पेल्यात काढलं, कागदाची पट्टी बुडवली आणि सहज विचारलं, मध्ये कधी पाणी भरलं होतं का. ‘नाही’ अगदी जिभेवर होतं.

“तीनदा,” ती म्हणाली. “मऊ पाणी. मीच.”

“तीनदाच? लोक अख्खं घर मऊ पाण्याने भरतात, आणि वर मलाच विचारतात काय झालं म्हणून.” पट्टीचा रंग हिरव्या-निळ्याच्या मध्ये कुठेतरी थांबला होता. पट्टी त्याने उजेडात धरली. “फार बिघडलेलं दिसत नाही. पण आत काही खाल्लं गेलंय का, ते आज नाही सांगता यायचं, हेस्टर. हे पाणी काढून टाकू, जड पाणी आणि गंज रोखणारं औषध भरू, पंधरवड्याने पुन्हा बघू.”

जड पाणी आता घरात आहेच कुठे, ती पुटपुटली. बेझिल सिंकखाली आडवा झाला, आणि थोड्या वेळाने आतून त्याचं हसू आलं.

“पाणी यंत्रात शिरायच्या आधीच नळीला फाटा काढून ठेवलाय सिरिल बेट्याने. चिठ्ठी तुम्ही वाचता, की मी?”

“तूच वाच.”

“‘यंत्र तू आणशीलच. हवं तेवढं न्हा. बॉयलर मात्र इथून भर. दीडच्या वर नेऊ नकोस, तुला घाई असते.’”

म्हणजे त्या दिवशी... सिरिल सिंकखालून टॉर्च मागत होता, गळती बघतोय म्हणाला होता — आणि बाहेर येऊन, हात पुसत, त्याच यंत्रावरून तासभर भांडला. फाटा काढून झाल्यावर. मग त्या दोन रेघा... टोमणा होता, की हार, की परवानगी? की मरायच्या आधी वाद जिंकून ठेवायची त्याची जुनी खोड?

फाट्यात साचलेलं पाणी बेझिलने आधी बादलीत सोडलं. धार स्वच्छ झाली तशी हेस्टरने तिच्याखाली किटली धरली. मग जुनं पाणी काढून, औषध घालून झाल्यावर बॉयलर भरताना चावी तिनेच फिरवली, सावकाश — अगदी सावकाश, बघ म्हणावं — आणि खडूचं पाणी नळीतून सळसळत वर गेलं, काटा दीडला टेकला. आत काय उरलंय ते पंधरा दिवसांनी कळेल. कळू दे.

बेझिल गेल्यावर तिने त्या जड पाण्याचा चहा ओतला आणि प्याला हातात न घेता बसून राहिली. रेडिएटर टकटक करत तापू लागला होता. आज केस धुवायचे आहेत, तिला आठवलं, मऊ पाण्याने, भरपूर... पण आधी हे. ती चहाकडे बघत राहिली, साय धरायची वाट पाहत.