कप्पा क्रमांक १००४

मोंतेविदेओच्या मत्स्य संशोधन संस्थेतला सर्व्हर एकोणीस वर्षं नेलिदा बेंतांकोरनं सांभाळला होता. सर्व्हर कुणीतरी सांभाळावा लागतो, हे संस्थेत फक्त तिलाच ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटायचं, तो भरती-ओहोटीसारखा आपोआप चालतो. म्हणूनच नवे संचालक डॉक्टर इतुराल्दे यांनी तिचं पद रद्द करायचा ठराव सोमवारच्या सभेपुढे ठेवला. नेलिदा एकसष्ट वर्षांची होती, पेन्शनला चार वर्षं बाकी होती आणि या वयात तिला नोकरी देणारा अजून जन्माला यायचा होता.

दरम्यान जुन्या मशीनवरचं सगळं नव्या मशीनवर हलवायचं काम डॉक्टरांनी इरीबार्ने नावाच्या सल्लागाराला दिलं. दोनशे बारा माणसं, त्यांचे पासवर्ड, त्यांच्या फाइली, कुणी काय उघडायचं त्याचे नियम. इरीबार्ने साहेब संस्थेत एकदाच आले, ताटलीभर बिस्किटं संपवली आणि पुढे घरूनच उंटावरून शेळ्या हाकू लागले. जाण्यापूर्वी यादी बघून त्यांनी नाक मुरडलं.

"ही काय यादी आहे, बाई? ओलिवेरा पाचवा, बेंतांकोर एकतिसावी!"

"जो जसा नोकरीला लागला, तसा त्याचा क्रमांक," नेलिदा म्हणाली. "मशीन माणसाला नावानं ओळखत नाही, क्रमांकानं ओळखतं. प्रत्येकाच्या फाइलींच्या कप्प्यावरही क्रमांकच आहे. यादी आहे तशी उचला, हात लावू नका."

"आपण स्वच्छ स्थलांतर करतोय. आडनावाप्रमाणे ओळीत लावू. किती छान दिसेल!"

नेलिदानं संचालकांना लेखी कळवलं. त्यांनी कागदावर 'पाहिले' असं लिहिलं. न वाचता पाहण्याची कला त्यांना चांगली अवगत होती.

तिच्या समोरच्या टेबलावर वॉशिंग्टन ओलिवेरा बसायचा. कामगार संघटनेचा प्रतिनिधी, पंधरा वर्षं एकाच तुंब्यातून तिच्याबरोबर येर्बाच्या पानांचा कडू चहा पिणारा. "तू घाबरू नकोस गं," तो म्हणाला. "सभेत बघ, त्या डॉक्टरची सालटी काढतो." नेलिदाचा त्याच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. देवाशी तिचं तसंही फारसं जमत नसे.

सोमवारी सकाळी ती आली तर सगळी संस्था बोंबलत होती. खेकड्यांवर प्रबंध लिहिणाऱ्या बाईंना आपल्या कप्प्यात रोखपालाच्या घटस्फोटाचे कागद सापडले होते. संचालकांच्या कप्प्यात पहारेकऱ्याच्या फुटबॉल संघाचे फोटो होते. यादी नवी लावली, कप्प्यांवरचे क्रमांक जुनेच राहिले. जो तो दुसऱ्याच्या घरात शिरला होता.

नेलिदाकडे सगळ्या कप्प्यांची चावी होती. एकोणीस वर्षांत तिनं कुणाचा कप्पा उघडला नव्हता. चावी असणं वेगळं आणि डोकावणं वेगळं, असं तिचं म्हणणं. आता ती फक्त स्वतःच्या नावानं आत शिरली. मोजणी हजारापासून सुरू व्हायची आणि नव्या ओळीत ती पाचवी, म्हणजे १००४. कप्पा उघडला तो जुन्या यादीतल्या पाचव्याचा, वॉशिंग्टनचा. पहिल्याच फाइलचं नाव होतं 'नेलिदाचं पद'.

बंद करायला हवं होतं. तिनं वाचलं.

'आदरणीय डॉक्टर, पद रद्द करायला माझी हरकत नाही. सभेत मला थोडा आरडाओरडा करावा लागेल, तेवढा सहन करावा. खिडकीजवळचं तिचं टेबल मला मिळावं, ही विनंती.' खाली तारीख, अकरा मार्च.

तिला रडू आलं नाही. लाज मात्र वाटली, तीही स्वतःचीच. इतकी वर्षं कुणाला ओळखता येणार नाहीत असे पासवर्ड कसे ठेवायचे हे लोकांना शिकवलं आणि समोरचा माणूस काही ओळखता आला नाही.

वॉशिंग्टन थर्मास घेऊन आला आणि भरलेला तुंबा पुढे केला. ती प्यायली आणि तुंबा परत देताना म्हणाली, "आभारी आहे." त्या देशात तुंबा देताना आभार मानले की पुरे झालं, पुन्हा भरू नकोस, असा अर्थ होतो.

"एकातच?" तो चकित झाला.

"एकातच."

तेवढ्यात संचालक धावत आले. "बाई, काहीतरी करा हो! इरीबार्ने फोन उचलत नाहीये."

"लेखी द्या, डॉक्टर. मी पाहीन."

त्यांनी मुकाट्यानं लिहून दिलं. तिनं जुन्या मशीनवरून जुनी यादी आणली, प्रत्येकाला त्याचा जुना क्रमांक दिला आणि जेवणाच्या सुट्टीआधी दोनशे बारा माणसं आपापल्या घरी परतली.

दुपारच्या सभेत हे पद रद्द करा म्हणायची संचालकांची काय टाप होती! पण वॉशिंग्टननं ठरलेला आरडाओरडा केलाच. टेबलावर मुठी आपटल्या, घसा बसवला, टाळ्या घेतल्या. ठराव बारगळला, पद राहिलं. चार वर्षं नेलिदा खिडकीजवळच बसणार होती आणि समोर तोच.

सभा संपल्यावर तो घाम पुसत तिच्याकडे आला. "बघितलंस? वाचवलं की नाही तुझं पद?"

"भाषणापेक्षा अकरा मार्चचं पत्र बरं लिहिलं होतंस."

त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या काही उगाच नाही. "तू माझी खाजगी फाइल वाचलीस? तू, नेलिदा? शोभतं का तुला हे?"

"मशीन म्हणालं, ती माझी आहे," नेलिदा पर्स उचलत म्हणाली. "आणि मशीनचं काय चुकलं रे? होती तर माझ्याचबद्दल."