पोचा पडलेला पेला

"मामा, उद्या सकाळी दहा वाजेपर्यंत वाट बघतो. त्यापुढे मी नाही थांबणार," असं म्हणून डॉक्टर पायांत चपला सरकवून गेला.

सगळ्या गल्लीचे मामा, सौरिराजन, दारातच उभे राहिले. आत कोमलवल्ली पडली होती. ताप उतरून तीन दिवस झाले तरी तिने तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सलाईनवर माणूस किती दिवस काढणार? नाकातून नळी घालायची म्हणजे दवाखाना आला, आणि दवाखान्याचं सौरिराजन नावही काढू देत नसत. गेल्या वर्षी घातली होती नळी. तिने ती दोनदा उपसून काढली, म्हणून नर्सने तिचे दोन्ही हात पलंगाला बांधले. ती यांच्याकडे बघून म्हणाली होती, "दादा, तुम्ही तरी सोडा हो." अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलेला नवरा, आणि दादा! तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती, पण हात बांधलेत एवढं कळत होतं. आणि यांनी ते सोडले नाहीत.

पुन्हा ते व्हायला नको म्हणून म्हातारा देव पाण्यात घालून बसला होता.

"जे आवडतं ते द्या. एकदा घोट घशाखाली उतरला की पुढचं सोपं जाईल," असं डॉक्टरनेच सांगितलं होतं. दूध, पेज, शहाळं, कॉफी, शेजारणींनी सगळं आणून दिलं. ओठ घट्ट मिटलेले. कॉफीचा पेला मात्र ती हातात घ्यायची. वास घ्यायची. आणि खाली ठेवायची.

"ही त्यांची आहे."

"कुणाची गं?"

"त्यांची."

बस्स, याच्या पुढे एक शब्द नाही. पण पेला हातात घेते म्हणजे आशा आहे, कॉफी चांगली जमली तर पिईल, असं सौरिराजनांनी ठरवलं. आता तशी कॉफी करायची कुणी? हा माणूस जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत गेला नव्हता. झोपाळ्यावर बसायचं आणि "कॉफी!" म्हणून हाक मारायची, एवढंच ठाऊक. जीभ मात्र अशी चोखंदळ की पावडर दोन दिवसांची असली तर पहिल्या घोटाला ओळखत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कॉफी पांचट लागली म्हणून त्यांनी भरलेला पितळी पेला अंगणात भिरकावला होता. कुंभकोणमच्या त्यांच्या गल्लीत हा किस्सा अजून सांगतात, आणि खरं सांगायचं तर मामांनाही तो ऐकायला आवडायचा.

तर गेले तीन दिवस तेच मामा पावडरवाल्याच्या दुकानात हात जोडून उभे. मेहुणीला तंजावरला फोन. हॉटेलातल्या आचाऱ्याला गाठून त्याची मनधरणी. एकाने सांगितलं, बी डोळ्यांदेखत भाजून घ्या, चिकोरी कमी करा. दुसरीने सांगितलं, फिल्टरचं वरचं भांडं आचेवर धरा, भोकं मोकळी होतात, आणि पावडर दाबू नका हो भावोजी, डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, खाली उतरत नाही. तिसरा म्हणाला, दूध एकदाच उकळा. दोन बोटं भाजली, एक भांडं करपलं, म्हाताऱ्याच्या नाकी नऊ आले. पण तिसऱ्या दिवशी जी कॉफी उतरली, ती काळीभोर, दाट! आचाऱ्यानेही लोटांगण घातलं असतं.

आणि गंमत बघा. कॉफी जितकी चांगली व्हायची, तितक्या लवकर कोमलवल्ली पेला खाली ठेवायची.

डॉक्टर येणार त्या सकाळीही तसंच झालं. "ठेवा तिथे," ती म्हणाली. "अंघोळ करून येतीलच ते."

सौरिराजनांचा धीर सुटला. "अगं, मीच तो! मी प्यालोय माझी! ही तुझी आहे. पी ना गं, पाया पडतो तुझ्या!" आणि खरंच त्यांनी तिचे पाय धरले.

तिने संकोचून पाय ओढून घेतले. "असं काय करता? वडील माणसं तुम्ही."

तेवढ्यात मागच्या दाराने सेल्वी आली. घरातली धुणीभांडी बत्तीस वर्षं हिच्याकडे. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, ती महिन्याने उगवली.

"मालक, मी महिनाभर नाही तर फिल्टरला हात लावलात? पावडरवाला सांगत होता, मला खरंच वाटेना!" मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. त्यांनी सगळं सांगितलं. तिने पेला उचलून हुंगला. "ही कशाला देताय अम्मांना? ही पहिल्या पाण्याची."

"मग! पहिल्याच पाण्याची! आठ चमचे पावडर घातलीय!"

"अम्मा कधी प्यायल्या पहिल्या पाण्याची?"

सेल्वीने पेला नेऊन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला, सौरिराजन मागोमाग आले.

"पहिली तुमची नि पाहुण्यांची. मग त्याच चोथ्यावर दुसरं पाणी, ती आम्हा दोघींची. मागच्या पायरीवर बसून प्यायचो. मी आल्यापासून हेच बघतेय, आधीचं मला माहीत नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"काखेत कळसा नि गावाला वळसा! कॉफी करायची कशी ते गावभर विचारलंत, मालक. अम्मांना कशी लागते ते विचारलंत कुणाला?"

ती गॅसकडे वळली. सौरिराजनांनी तिला अडवलं. "थांब. मी करतो."

त्यांनी ओल्या चोथ्यावर उकळतं पाणी ओतलं. खाली उतरलं ते मातकट, पातळ. सेल्वीने पाट्यामागून एक पितळी पेला काढून पुढे केला. त्याच्या पोटाला अंगठ्याएवढा पोचा होता. सौरिराजनांनी तो लगेच ओळखला.

"हा अजून आहे?"

"यातच प्यायच्या."

त्यांनी एक घोट चाखला. पांचट. अगदी तेव्हासारखीच.

दारात डॉक्टरची स्कूटर थांबली. सौरिराजनांनी पलंगाशी जाऊन पेला पुढे केला. कोमलवल्लीने वास घेतला. अंगठा आपोआप त्या पोच्यात जाऊन बसला. मग तिने पेला तोंडाला लावला, आणि तळ दिसेपर्यंत खाली आणला नाही. डॉक्टर बॅग घेऊन उंबऱ्यातच उभा राहिला. सेल्वीने पदर तोंडाला लावला.

कोमलवल्ली सौरिराजनांच्या कानाशी वाकली. "त्यांची पहिली काढून ठेवलीत ना?"

"ठेवलीय."

"मग बरं. पांचट चालत नाही त्यांना. फेकून देतात."

"आता नाही फेकत," सौरिराजन म्हणाले.

"हो?" तिला आश्चर्य वाटलं. "तुम्ही ओळखता त्यांना?"

ओट्यावर पहिल्या कॉफीवर साय धरली होती. सौरिराजनांनी मान हलवली. "नाही," ते म्हणाले. "अजून थोडी आहे यातली. देऊ?"

तिने पेला पुढे केला.