ओरिसियाला वाजणारी थंडी

यंत्रखोलीतल्या फळीवर त्या दुपारी तीन स्वेटर, दोन लोकरी टोप्या, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि गोळ्यांची सात कप्प्यांची डबी होती. ओरिसिया हनात्युकने दोन स्वेटर अंगातल्या जाकिटाखाली चढवले, तरी तिचे दात वाजत होते. बर्फाच्या मैदानात थंडी वाजली तर त्यात नवल काय, असं कुणीही म्हणालं असतं. पण कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या त्या गावच्या कर्लिंग क्लबचा, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबचा, बर्फ ती सत्तावीस हिवाळे तयार करत होती, आणि त्यातले सव्वीस तिने एका स्वेटरवर काढले होते.

गेल्या फेब्रुवारीत तिच्या हृदयाने ताल सोडला होता. शहरातल्या इस्पितळाने अमिओडारोन नावाची गोळी सुरू केली आणि ठोके पुन्हा ओळीत आले. ते श्रेय ती गोळीला प्रामाणिकपणे देत असे. बदल्यात काय द्यावं लागेल हे तिला तेव्हाच सांगितलं होतं. ऊन सोसणार नाही, म्हणून ती जानेवारीतही बर्फावरच्या उन्हाला रुंद काठाची टोपी घालून बाहेर पडे. क्लबात कॉफी पीत बसणारे म्हातारे तिला विचारत, मध काढायला निघालीस का. हात कापत, म्हणून ती कप अर्धाच भरे. हा सौदा तिने डोळे उघडे ठेवून केला होता.

थंडी मात्र सौद्यात नव्हती. डोकं जड होणं, आवाज घोगरा होणं, जिना चढताना मध्येच थांबावं लागणं, यातलंही काही नव्हतं. गावचे जुने डॉक्टर निवृत्त झाल्यापासून दवाखान्यात दर काही महिन्यांनी नवा डॉक्टर येई. त्यातल्या तिसऱ्याने तिचं ऐकून घेतलं आणि या वयात हिवाळ्यात बायकांचं असंच होतं म्हणून मन प्रसन्न राहायची एक गोळी वाढवून दिली. मन उदास असतं का, असं त्याने विचारलं होतं. तिने सांगितलं, असतं, कारण माझं कुणी ऐकत नाही. त्याने तेवढं 'असतं' टिपून घेतलं.

शुक्रवारी, शनिवारच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी, तिने नेहमीप्रमाणे हाताची मागची बाजू बर्फावर टेकवली. आधी हात, मग तापमापक, हा तिचा शिरस्ता होता. चटका बसल्यासारखा हात मागे आला. मापक उणे पाच दाखवत होतं, म्हणजे जिथे हवं तिथे. पूर्वी एकदा मापक बिघडलं होतं आणि हात खरा ठरला होता. तिने हातावर विश्वास ठेवला आणि बर्फ जरा कमी गार व्हावा म्हणून गोठवणाऱ्या यंत्राचं तापमान दोन अंशांनी चढवलं.

शनिवारी पाच गावांचे संघ आले. बर्फावर शिंपडलेल्या पाण्याचे गोठलेले दाणे, ज्यांवरून दगड घसरतात, ते पहिल्याच सामन्यात सपाट झाले आणि ग्रॅनाइटचे दगड ओल्या घोंगडीवरून ओढल्यासारखे अर्ध्यात थांबू लागले. शेजारच्या गावच्या कप्तानाने विचारलं, इथे मासे पण मिळतात का.

क्लबचा अध्यक्ष लायल ब्रँडवोल्ड यंत्रखोलीत आला तेव्हा ओरिसिया यंत्र पुन्हा खाली आणत होती. दोघं एका शाळेत शिकलेली. तो लहान मुलाशी बोलावं तसं हळू बोलत होता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"चाव्या दे, ओरिसिया. गुरुवारी समिती बसेल, मग बघू. वय कुणाला चुकलंय?"

"तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहेस, लायल. तुझ्या चाव्या कुणाकडे देतोस?"

त्याने चिडायचं टाळलं. गोळ्यांनीच असं होत असेल तर सोडून दे म्हणाला, त्याच्या मेव्हण्याने सोडल्या आणि तो ठणठणीत आहे.

"तुझा मेव्हणा तीस वर्षं नुसता बसून आहे. त्याच्या हृदयाला कामच काय?"

चाव्या मात्र तिने दिल्या. हात चुकला हे तिला कळलं होतं. तो का चुकला हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही, याचा राग तिला घरी जाईपर्यंत आणि घरी गेल्यावरही पुरला.

सोमवारी ती गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेली आणि तिथल्या मारिसेलवर तो सगळा राग ओतला. मारिसेल फिलिपिन्सहून आलेली, तिशीतली फार्मासिस्ट. तिने एकच विचारलं, थायरॉइडसाठी रक्त शेवटचं कधी तपासलं? गोळी सुरू करताना एकदा, त्यानंतर नाही, ओरिसिया म्हणाली. मारिसेलने हातातली बाटली खाली ठेवली. हृदयाच्या या गोळीत आयोडीन भरपूर असतं, ती म्हणाली, त्याने गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते. मग माणूस गारठतो, सुस्तावतो, विसरतो. दर सहा महिन्यांनी बघायचं असतं. ग्रंथी जितकी थकलेली तितका रक्तातल्या टीएसएचचा आकडा वर जातो, साडेचारपर्यंत ठीक.

"पण गोळी स्वतःहून बंद करू नका हं, मिसेस हनात्युक. ठोके पुन्हा उधळतील."

दवाखान्यात आता चौथा डॉक्टर होता. त्याने पडद्यावर नजर टाकून मन प्रसन्न करणारी गोळी दुप्पट करू म्हटलं. ओरिसियाने रक्त तपासायला सांगितलं. तो म्हणाला, गेल्या वर्षी थायरॉइड ठीक होतं.

"गेल्या वर्षीच्या बर्फावर आज खेळता येतं का, डॉक्टर?"

तो गोंधळला.

"तुमच्या आधी तिघांनी माझी हृदयाची गोळी पुढे चालू ठेवली. एकानेही माझ्या गळ्याला हात लावला नाही. सगळ्यांनी माझं वय तेवढं विचारलं. मी इथून उठणार नाही."

त्याने बराच वेळ पडद्यावर मागे-मागे जाऊन पाहिलं. मग मान वर न करता तपासणी लिहून दिली.

गुरुवारी समितीत बर्फाचा विषय निघाला. हे काम दुसऱ्याकडे द्यावं असं लायल म्हणत होता, तिचे आभार वगैरे मानून. तेवढ्यात टेबलाशी बसलेल्या ओरिसियाचा फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती. ओरिसियाने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. नर्सने विचारलं, आजूबाजूला माणसं आहेत का, खासगी माहिती आहे.

"असू देत. मला म्हातारचळ लागलाय हे ठरवतानाही तीच होती."

डॉक्टरांनी उद्या सकाळी सगळ्यांत आधी तुम्हालाच बोलावलंय, नर्स म्हणाली, आणि टीएसएचचा आकडा वाचला. एक्क्याण्णव पूर्णांक सहा.