जास्तीचे बॅरियॉन

प्रयोगशाळेत तिला सगळे चिवट म्हणत. हाती घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय ती सोडतच नसे. यंदा तिच्याकडे मोजणी होती. प्रोटॉन एकमेकांवर आदळले की कणांचे झोत उसळतात, त्यांना जेट म्हणतात. या जेटमधल्या चार्म क्वार्क नावाच्या मूलकणाला एकटं राहता येत नाही. एका प्रतिक्वार्कशी जुळला तर मेसॉन, दोन क्वार्कांशी जुळला तर बॅरियॉन. कोण किती, एवढंच मोजायचं होतं.

"म्हणजे तुमच्याकडेही कुणाला एकटं राहू देत नाहीत तर!" फोनवर ताई हसली. "पण दोन-दोन जोडीदार मिळणं विरळाच असेल ना?"

"सगळ्यांना तसंच वाटत होतं गं."

इलेक्ट्रॉनांच्या टकरींवरून बांधलेला जुना अंदाज होता दहा मेसॉनांमागे जेमतेम एक बॅरियॉन. तिच्याकडे निघाले चार.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी आकडा पाहून चष्मा काढला. "आधी स्वतःची चूक शोध. निसर्गाला नावं मग ठेवू."

तीन आठवडे ती एकेक ओळ तपासत बसली. बॅरियॉन फुटला की प्रोटॉन निघतो, त्यावरून तो ओळखायचा. तिने पायॉन नावाचे काही हलके कणच प्रोटॉन समजून मोजले होते. तिचं तोंड एवढंसं झालं. सांगावं की गुपचूप दुरुस्त करावं? शेवटी ती मॅडमच्या खोलीत गेलीच.

"चूक होती. माझीच. आता साडेतीन येतायत."

"साडेतीन? तरीही?" मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "शाब्बास. आता दुसऱ्या कुणाकडून मोजून घेऊ."

काम शेजारच्या टेबलावरच्या मिशीवाल्याकडे गेलं. बॅरियॉन फुटण्याची दुसरी एक तऱ्हा आहे, त्याने ती धरून मोजायचं. आकडा एकमेकांना सांगायचा नाही, अशी मॅडमची सक्त ताकीद होती.

महिन्याभराने सकाळच्या बैठकीत दोघांनी आपापला कागद टेबलावर ठेवला. मॅडमनी कागद उलटले. साडेतीन. तीन पूर्णांक सहा दशांश.

मिशीवाल्याने दोन्ही हात वर केले.

"मी हिची कॉपी केली नाही हां!" मिशीवाला म्हणाला, आणि खोलीभर हशा पिकला.

मॅडमनी फळ्यावरचा जुना अंदाज पुसला आणि खडू चिवटपुढे धरला. "पुढे काय मोजायचं, ते तू लिही."

ती उठली. तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'जेटमधले संथ बॅरियॉन वेगळे मोजू. जास्तीचे त्यांच्यातच आहेत का, ते कळेल.'